तैफाळ गावचे परब

प्रति,
वाचणारे सर्व सुज्ञ नागरिक.

अर्जदार: रामचंद्र बाबूराव जगदाळे, अर्जलेखक, तहसील कचेरीबाहेर, कल्याण. राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम. मूळ गाव वाईजवळ. घर, पार आणि भैरोबा अद्याप जागेवर.

ज्यांच्याविषयी लिहिले ते: वामन सखाराम परब, वय सत्तरीच्या पुढे, निवृत्त स्टोअरकीपर, राहणार अर्जदाराच्याच इमारतीत, दुसरा मजला. मूळ गाव: या एका रकान्यासाठी पुढील सर्व मजकूर.

घटनेची तारीख: गेल्या गणपतीत, चतुर्थीच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी.

साक्षीदार: दाजी तावडे, तळमजला; अर्जदाराची पत्नी सौ. शालन, तसेच गावाला निघालेली इमारतीतील सर्व कुटुंबे, सामानासह.

मी, वरील अर्जदार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, परबांना कोणीही ‘तुमचं गाव कुठलं?’ असे विचारले असता ते प्रथम चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाने पुसतात, पुन्हा डोळ्यांवर चढवतात आणि शांतपणे सांगतात,

“दोन मते आहेत.”

विचारणारा थांबतो. त्याला वाटते, पुढे काही येईल. पुढे काही येत नाही.

आमच्या भागात हा प्रश्न साधा नव्हे. इथले मूळचे आगरी बांधव वगळले तर डोंबिवलीतला प्रत्येक माणूस कुठून तरी आलेला आहे, आणि ते ‘कुठून’ सांगितल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही. जागा भाड्याने घेताना, मुलगी पाहायला जाताना, फार काय, दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्यादेखील नावाच्या आधी गाव विचारले जाते. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक अर्जांत मूळ गावाचा रकाना असतो आणि तो कोरा ठेवला तर अर्ज परत येतो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी अनुभव त्यापुढचा आहे, आणि त्या अनुभवात गाव विचारल्यावर चष्मा पुसणारा दुसरा माणूस मला आढळला नाही.

आडनावावरून गाव काढावे, तर तीही सोय नाही. पेडणेकर म्हटले की पेडणे आले, मालवणकर म्हटले की मालवण आले. परब मात्र तळकोकणात वाटेल त्या गावात सापडतात.

हे ‘दोन मते’ प्रकरण पुढे पुढे परबांच्या अंगवळणी पडले. माझी पत्नी चहा देताना विचारते, “परबकाका, साखर घालू?”

“दोन मते आहेत. एक डॉक्टरांचं, एक माझं.”

“मग काय करू?”

“डॉक्टर इथे नाहीत.”

लिफ्ट चालू आहे का, असे खालून कोणी ओरडले तर वरून उत्तर येते, “दोन मते आहेत. बटणाला वाटतं, आहे.”

तथापि या माणसाची खरी ख्याती वेगळ्याच कारणाने आहे, आणि ते कारण मी योग्य क्रमाने मांडतो. परब एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरीला होते. तो कारखाना बंद झाला, तेव्हा तिथल्या वाचनखोलीतले एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ते घरी घेऊन आले. पुस्तक रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळाविषयी होते. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचू लागले, आणि एका पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांच्या टिपेत, त्यांना तैफाली भेटले.

तैफाली म्हणजे कोण, हे मला आता झोपेतून उठवले तरी सांगता येईल, कारण परबांनी मला ते अनेकदा ऐकवले आहे. ती एक टोळी होती. डॅन्यूब नावाच्या मोठ्या नदीच्या उत्तरेला राहायची. घोड्यावर बसण्यात तिचा हात कोणी धरत नसे. ती मुळात कुठली, यावर विद्वानांचे एकमत नाही. काही म्हणतात, जर्मन वंशाची. काही म्हणतात, पूर्वेकडच्या गवताळ मैदानांतून आलेली. रोमन लोकांनी लढाईत हरवल्यावर उरलेल्यांना इटलीत दुसऱ्यांची शेते कसायला बसवले. काही फ्रान्सात गेले. तिथल्या एका लहान गावाच्या नावात त्यांचे नाव उरले आहे, असे सांगतात. बाकी काही नाही. त्यांच्या भाषेतले एक वाक्यसुद्धा शिल्लक नाही.

“दोन मते आहेत,” पहिल्यांदा हे सांगताना परब म्हणाले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा परगावी आपल्या तालुक्याचा माणूस भेटल्यावर होतो.

ते माझ्या टेबलाशी आले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. कचेरीला जोडून सुट्ट्या लागणार होत्या, त्यामुळे गर्दी होती. परब रांगेत उभे राहिले. शेजारी म्हणून मी त्यांना पुढे बोलावले, तर आले नाहीत. नंबर लागल्यावर खुर्चीवर बसले.

“अर्ज लिहायचाय.”

“कोणाविरुद्ध?”

“रोमन साम्राज्य.”

मी लेखणी खाली ठेवली नाही. या धंद्यात पक्षकाराच्या तोंडावर हसू नये, हा माझा नियम आहे. मी विचारले, “प्रतिवादीचा पत्ता?”

“रोम किंवा इस्तंबूल. दोन मते आहेत. त्या काळात राज्य दोन ठिकाणांहून चालत होतं.”

“तक्रार काय?”

“तैफाली लोकांबद्दल त्या पुस्तकात एक वाईट गोष्ट लिहिली आहे. ती मी इथे बायाबापड्यांसमोर बोलणार नाही. पण लिहिणारा रोमन होता. तैफाल्यांचं म्हणणं कोणी लिहून घेतलं? तुम्हीच सांगा, जगदाळे, एका बाजूचं ऐकून निकाल देता येतो का?”

कायद्याच्या दृष्टीने मुद्दा बरोबर होता. तो एकतर्फी निकाल होता. तरीही मी म्हणालो, “परबसाहेब, हे प्रकरण मुदतबाह्य आहे.”

“अन्याय झाल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून मुदत धरावी, असं तुम्ही मघाशी त्या आंबिवलीच्या बाईंना सांगत होतात. मला गेल्या मंगळवारी कळलं.”

मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाने विचारले, “काका, तुमची जमीन गेली का?” परब मागे वळून म्हणाले, “माझी नाही. ओळखीच्यांची.”

मी अर्ज लिहिला. कोणत्या कार्यालयात द्यावा हे ठरले नाही, म्हणून तो परबांपाशीच राहिला. परंतु त्या दिवसापासून ते मला आपला वकील समजू लागले, आणि तो समज मी दूर केला नाही.

एकदा ठाण्याच्या एका वाचनालयात प्राचीन बंदरांवर व्याख्यान होते. व्याख्याते प्राध्यापक होते, स्वभावाने गरीब होते. त्यांनी सांगितले की, जुन्या काळी आपल्या कल्याणहून रोमन लोकांशी व्यापार चालत असे. हे ऐकताच परब माझ्या शेजारी सावरून बसले. प्रश्नोत्तरांत पहिला हात त्यांचा.

“त्या गलबतांवर एखादा तैफाली असण्याची शक्यता आहे का?”

प्राध्यापक गोंधळले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. ते म्हणाले, “तो व्यापार भरात होता तेव्हा तैफालींचं नावही कुठे येत नाही. ते पुष्कळ नंतरचे.”

“आणि ते मूळचे कुठले?”

“ते मलाही सांगता येणार नाही. खरं म्हणजे, ते कोणालाच माहीत नाही.”

परब बसले. बाहेर आल्यावर त्यांनी मला मिसळ खायला घातली, आणि पूर्ण वेळ ते मान हलवत राहिले. “ऐकलंत ना? एवढे शिकलेले गृहस्थ. भर सभेत सांगितलं, कोणालाच माहीत नाही.” हरलेल्या माणसाने हे वाक्य एका आवाजात म्हटले असते. परब ते जिंकलेल्या माणसाच्या आवाजात म्हणत होते. त्याचे कारण मला त्या वेळी उमगले नाही.

साहजिकच इमारतीत त्यांचे नाव पडले तैफळकर. पोरेही त्यांना त्याच नावाने हाक मारत. कुरिअरवाला एकदा खाली विचारत होता, “परब कोण?” तर सगळे गप्प, “तैफळकर” म्हटल्यावर चार बोटे दुसऱ्या मजल्याकडे गेली. सोसायटीच्या सभेत भाडेकरूंना मत असावे की नाही यावर वाद झाला, तेव्हा परब उभे राहून म्हणाले, “रोमन लोकांनीही तैफाल्यांना शेत दिलं होतं, मत दिलं नव्हतं. परिणाम पुस्तकात आहेत.” परिणाम काय झाले हे कोणाला माहीत नसल्याने विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

इथे दाजी तावडे यांची ओळख करून देणे आवश्यक आहे. दाजी तळमजल्यावर राहतात, देवगडकडचे, वयाने परबांच्याही पुढे. अजून मालवणीतच बोलतात. एका दुपारी जिन्यात मी उभा असताना त्यांनी परबांना गाठले.

“परबांनू, ह्या तैफाळ म्हणजे खंय इला?”

“नदीच्या उत्तरेला.”

“तेरेखोलच्या?”

“त्याहून मोठी नदी.”

“आणि आता थंय कोण आसा?”

“कोणी नाही, दाजी. सगळे दुसऱ्यांत मिसळून गेले. नावनिशाणी नाही.”

 दाजींनी परबांच्या खांद्यावर हात ठेवला. “धरणात गेला म्हणा की.”

परबांनी चष्मा काढून पुसला. ते वर निघून गेले आणि दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, “अशी लय गावा गेली हो. माणूस बोलणा नाय, पण जीव तुटता.” मी खुलासा करणार होतो. पण डॅन्यूब नदी जिन्यात उभ्याने समजावून सांगण्यासारखी नाही.

आता गणपतीचा विषय. आमच्या इमारतीत बहुतेक कुटुंबे कोकणातली. चतुर्थी जवळ आली की ती गावाला जातात आणि इमारत रिकामी होते. माझ्या गावाची जत्रा चैत्रात असते, त्यामुळे मी आणि माझी पत्नी इथेच असतो. आणि परब असतात.

पूर्वी तेही जात. त्यांच्या पत्नी सुमनताई कुडाळकडच्या. त्यांच्या माहेरी जावई म्हणून परबांना पाट मिळे, पानात पहिला मोदक पडे. सुमनताई गेल्या. मूलबाळ नव्हते. माहेरच्यांनी पुढल्या वर्षीही बोलावले, आणि परब गेलेही; पण परत आल्यावर मला म्हणाले, “जगदाळे, मूळ दस्तच राहिला नाही, तर नकलेवर किती दिवस काम चालवायचं?” हे वाक्य ते माझ्याच धंद्यातून शिकले होते. त्यानंतर ते गेले नाहीत.

तेव्हापासून गणपतीत सगळ्या घरांच्या किल्ल्या परबांपाशी असतात. त्यांनी दारामागे फळी ठोकली आहे आणि तिच्यावर खिळे. प्रत्येक खिळ्याखाली चिठ्ठी आहे. पण तिच्यावर घर क्रमांक नाही, गावाचे नाव आहे. देवगड. कणकवली. गुहागर. राजापूर. मी चैत्रात जातो म्हणून माझीही चिठ्ठी आहे: वाई. परबांची स्वतःची किल्ली शेवटच्या खिळ्यावर असते. त्या खिळ्याखाली चिठ्ठी नाही.

रोज दिवेलागणीला ते एकेक घर उघडून देवापुढे दिवा लावतात. एकदा शालन दाजींच्या घरी तुळशीला पाणी घालायला गेली, तर परब देवघरासमोर हात जोडून उभे होते. तिने येऊन मला सांगितले, “अहो, ते देवाशी बोलत होते. म्हणत होते, तुमची मंडळी सुखरूप पोचली, फोन आला होता, काळजी नसावी.”

“मग?”

“मग पुढच्या घरी गेले. तिथल्या देवालाही तसंच सांगितलं. मी दारातूनच परत आले.”

निघण्याच्या संध्याकाळी इमारतीच्या फाटकापाशी एक प्रथा पाळली जाते. सामान गाड्यांवर चढलेले असते. दाजी नारळ फोडतात आणि गाऱ्हाणे घालतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाऱ्हाणे म्हणजे देवाकडे केलेला तोंडी अर्ज. मी हे व्यवसायाच्या अधिकाराने म्हणतो, कारण त्यात अर्जाची सर्व अंगे असतात. प्रथम देवाला संबोधन, मग अर्जदाराचे नाव आणि गाव, मग मागणे. दर मागण्याला जमलेली मंडळी एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा.” म्हणजे अर्जाला सर्वांचे अनुमोदन. माझ्या इतक्या वर्षांच्या लिखाणात एवढे अनुमोदन असलेला अर्ज मला कधी करता आला नाही.

दाजी एकेक घर घेतात. देवगडचे तावडे, गुहागरचे साळवी, राजापूरचे गुरव. त्यांना वाटेत सुखरूप ठेव, पोरांना शहाणपण दे, म्हाताऱ्यांना वाटेत त्रास होऊ देऊ नको. आणि दर वर्षी सर्वांत मोठा आवाज मागून येतो, तो परबांचा. मंडळींच्या मागे, फाटकाच्या खांबाला टेकून ते प्रत्येक घरासाठी “व्हय म्हाराजा” म्हणतात. साळव्यांच्या नातीच्या परीक्षेसाठीसुद्धा म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या नावाने मात्र गाऱ्हाणे पडत नसे. दाजींचा काही आकस नव्हता. गावाशिवाय गाऱ्हाणे सुरूच होत नाही. कोणत्या देवाला हाक मारायची?

गेल्या वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी, नेहमीप्रमाणे सर्व जमले. मी आणि शालन पाहायला खाली उतरलो होतो. दाजींनी सगळी घरे घेतली. मंडळी हात सोडून गाड्यांकडे वळणार, तोच दाजी म्हणाले, “थांबा रे. अजून एक रवला.”

त्यांनी पुन्हा हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, तैफाळ गावच्या सायबा. ह्यो तुझो झील वामन सखाराम परब. तेका गावाक जावक मिळणा नाय. तेचा घर नाय, तेची वाट नाय. तरी तू आसस. जंय आसशीत थंयसून तेच्यार नजर ठेव, आणि एक दिवस तेका तुझ्या पायाकडे घेवन ये रे म्हाराजा.”

मला माझे कर्तव्य दिसत होते. चुकीचे ठिकाण घातलेला अर्ज दाखल होण्यापूर्वीच दुरुस्त करावा लागतो. मी “दाजी” असे म्हणून पुढे झालो. तेवढ्यात माझ्या मनगटावर हात पडला.

तो परबांचा होता. जो माणूस पुजाऱ्याचे उच्चार दुरुस्त करतो, महापालिकेच्या फलकावरची चूक खडूने सुधारतो, तो मला धरून उभा होता, आणि त्याची पकड मी समजत होतो त्याहून घट्ट होती.

“व्हय म्हाराजा,” सगळी मंडळी म्हणाली. पोरेही म्हणाली, शालनही म्हणाली. एक मोठा आवाज मात्र त्यात कमी होता. स्वतःच्या गाऱ्हाण्याला स्वतः अनुमोदन द्यायचे नसते.

गाड्या निघाल्या. दाजी खिडकीतून ओरडले, “परबांनू, तुळस बघा हां.” परबांनी हात हलवला. ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन वर गेले.

दुसऱ्या दिवशी दिवे लावून झाल्यावर ते आमच्याकडे आले. शालनने साखरेचे विचारले नाही, घातली. त्यांनी चहा अर्धा प्यायला आणि मला विचारले,

“जगदाळे, पत्ता चुकीचा असेल, तर अर्ज पोचतो का?”

मी म्हणालो, “कार्यालय चुकलं तर अर्ज फेटाळत नाहीत. योग्य त्या कार्यालयाकडे वर्ग करतात.”

“देवांच्यात ती पद्धत आहे का?”

मी विचार केला. अशा वेळी घाईने मत देऊ नये. “दोन मते आहेत,” मी म्हणालो.

ते हसले. मग त्यांनी ते सांगितले, जे इतक्या वर्षांत सांगितले नव्हते.

त्यांचे वडील, सखाराम, अगदी लहान असताना कोणी एक माणूस त्यांना बोटीने मुंबईला घेऊन आला. तो सख्खा काका की नुसता गाववाला, हे कळले नाही. तो गिरणीत लागला आणि लवकरच तापाने गेला. पोराला चाळीतल्या लोकांनी वाढवले. पोराला आपले नाव सांगता येई, आडनाव सांगता येई. गाव विचारले, तर म्हणे, “गाव.”

“आपल्या गावाला काही नाव असतं, हे त्या वयात कोणाला ठाऊक असतं, जगदाळे? ते त्यांच्यासाठी नुसतं गाव होतं.”

मोठेपणी सखारामांनी शोध केला. चाळीतली एक म्हातारी म्हणे, तुझी बोली मालवणकडची. एक भटजी म्हणे, तेरेखोलपलीकडची. दोघेही गेले. सखारामांना आठवत होते ते एवढेच: एक देऊळ, देवळामागे जांभ्या दगडाच्या पायऱ्या असलेली विहीर, आणि गाऱ्हाण्याच्या वेळी कोणाच्या तरी खांद्यावर बसून खालची डोकी पाहणे. तो खांदा कोणाचा होता, तेही ठाऊक नव्हते.

“शेवटी शेवटी त्यांना काही कळत नव्हतं,” परब म्हणाले. “पाणी देऊ का विचारलं, तरी म्हणायचे, व्हय म्हाराजा. डॉक्टर आले, व्हय म्हाराजा. मी जातो म्हटलं, व्हय म्हाराजा.”

शालन पदर सावरत आत गेली.

“तैफाल्यांचं एक वाक्यसुद्धा उरलं नाही. आमचं एक उरलं. पण ते सगळ्याच गावांत म्हणतात. त्यावरून गाव काढता येत नाही.” त्यांनी कप खाली ठेवला. “प्राध्यापक म्हणाले ना, कोणालाच माहीत नाही. मला बरं वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं, फक्त आम्हालाच माहीत नाही.”

मी त्यांना सुचवले की, या बाबतीत रीतसर काही लिहावे. आजवर मी पुष्कळ जाहीर नोटिशी लिहिल्या आहेत. एखाद्या जागेचा व्यवहार होण्यापूर्वी लिहितात, सदर मिळकतीवर कोणाचा हक्क असल्यास कळवावे. मिळकतीसाठी लिहिता येते, तर माणसासाठी का लिहू नये? परबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, “लिहा.”

मी मसुदा त्यांना दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती केली. मी ‘मूळ गाव अज्ञात’ असे लिहिले होते. त्यांनी ‘अज्ञात’ खोडून ‘अनिश्चित’ केले. “अज्ञात म्हटलं की नाहीच असं वाटतं,” ते म्हणाले. “अनिश्चित म्हणजे आहे. ठरायचं बाकी आहे.”

सबब, या मजकुराद्वारे सर्वांस कळविण्यात येते की, वामन सखाराम परब, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, मूळ गाव अनिश्चित, या इसमावर कोणत्याही गावाचा, वाडीचा, घराचा अथवा देवाचा हक्क, हिस्सा, वहिवाट किंवा नाते असल्यास त्यांनी ते निःसंकोच कळवावे. ओळखीची खूण, देवळामागची जांभ्या पायऱ्यांची विहीर, आणि फार पूर्वी बोटीने मुंबईस गेलेला व परत न आलेला सखाराम नावाचा मुलगा. त्या मुलाची त्या काळी कोणी वाट पाहिल्याचे घरात बोलले जात असल्यास, तेवढे जरी कळवले तरी चालेल. अशा नोटिशीत मुदत घालण्याचा प्रघात असून मुदतीत कोणी पुढे न आल्यास हक्क सोडून दिला असे समजले जाते. येथे मुदत नाही, आणि तसे समजले जाणार नाही. हा अर्ज चुकीच्या गावी पोचल्यास फेटाळू नये, योग्य गावी वर्ग करावा, आणि उत्तर द्यावे, ही नम्र विनंती.

परब घरीच असतात. गणपतीत तर नक्कीच.

अर्जदार,
रा. बा. जगदाळे